गडी आणि नायक : रस्त्यावरील सायकल शर्यतीच्या रसिकतेची एक चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडा हा विषय मराठी समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही. कुस्तीवर लिहिले गेले, क्रिकेटवर तर विपुल लिहिले गेले. परंतु त्यातील बहुतेक लेखन व्यक्तिचित्रणाचे, आठवणींचे अथवा वृत्तांकनाचे आहे. खेळ पाहणारा माणूस नेमके काय पाहतो, त्याच्या आनंदाची घडण कशी असते, हा प्रश्न नाटकाच्या प्रेक्षकाबाबत ज्या गांभीर्याने विचारला गेला त्या गांभीर्याने तो खेळाच्या प्रेक्षकाबाबत विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न रस्त्यावरील व्यावसायिक सायकल शर्यतीच्या संदर्भात उपस्थित केला आहे. त्यासाठी डोळ्यांसमोर ठेवलेला रसिक हा केवळ प्रेक्षक नाही. तो पहाटे उठून स्वतः सायकल चालवतो आणि जुलै महिन्यात रात्री नऊच्या सुमारास, बाहेर पाऊस सुरू असताना, फ्रान्समधील शर्यतीचा त्या दिवशीचा टप्पा कसा संपतो हे पाहत बसतो. चालविणे आणि पाहणे या दोन कृतींचा त्याच्या ठायी जो सांधा जुळलेला असतो, तो या चिकित्सेचा विषय आहे.

या रसिकाचे गाव कुपवाड मानले आहे. १९९८ साली सांगली आणि मिरज या दोन शहरांबरोबर ज्याचे नाव महानगरपालिकेच्या नावात जोडले गेले ते हे तिसरे गाव. एका शहराला नाट्यपरंपरेचा अभिमान, दुसऱ्याला तंतुवाद्यांचा व संगीताचा. कुपवाडच्या वाट्याला औद्योगिक वसाहत आली. अशा गावात सायकल हे आधी छंदाचे साधन नसते. पाळी सुरू होण्यापूर्वी हँडलला डबा अडकवून कारखान्याच्या फाटकाकडे जाणारा कामगार आणि त्याच वेळी शिरस्त्राण घालून दंडोबाच्या डोंगराकडे निघालेला हौशी सायकलस्वार हे दोघे काही अंतर एकाच रस्त्याने जातात. त्या दोघांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न पुढे यथावकाश येईल. तूर्त एवढे नोंदविणे पुरेसे आहे की हा खेळ ज्या यंत्रावर खेळला जातो ते यंत्र येथे घरोघरी होते, आणि पुष्कळ घरांत अजूनही आहे.

रस्त्याकडेचा प्रेक्षक

सांगली परिसराची प्रेक्षकपरंपरा दोन जागांनी घडविली : रंगमंच आणि आखाडा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले. या दोन्ही परंपरांत प्रेक्षक एका जागी बसतो आणि घटना त्याच्या समोर, एका चौकटीत, आरंभापासून अंतापर्यंत घडते. कुस्तीचा जाणकार प्रेक्षक डाव ओळखतो, पकड सुटण्यापूर्वीच ती सुटणार हे त्याला कळते. कारण संपूर्ण कुस्ती त्याच्या नजरेच्या टप्प्यात असते.

रस्त्यावरील सायकल शर्यत ही चौकट मोडते. रस्त्याच्या कडेला तासन्तास उभ्या असलेल्या प्रेक्षकाला प्रत्यक्ष शर्यत काही सेकंद दिसते. सपाट रस्त्यावर दीडशेहून अधिक सायकलस्वारांचा जथा एका झपाट्यात निघून जातो. रंगांचा एक पट्टा आणि चाकांचा आवाज एवढेच मागे उरते. तिकीट नाही, प्रेक्षागार नाही, आणि आपण पाहिले त्याचा निर्णयाशी काय संबंध होता हेही त्या क्षणी कळत नाही. अशा खेळाला रसिक मिळावा हेच मुळात नवल आहे.

सातारा–सांगलीच्या वाचकाला याच्या जवळ जाणारा एक अनुभव परिचित आहे. आषाढात नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने पुढे जाते, तेव्हा दुतर्फा उभा असलेला माणूसही क्षणभराच्या दर्शनासाठी दिवसभर थांबलेला असतो. त्याने पूर्वी कधी ती वाट चाललेली असते किंवा पुढे कधी तरी चालण्याचे मनात धरलेले असते. पाहणारा आणि चालणारा यांच्यातील सीमारेषा तेथे पुसट असते. शर्यतीच्या रसिकाचेही असेच आहे. दूरचित्रवाणीवर जो घाट दिसतो तो त्याच्या परिचयाचा नसेल, परंतु यवतेश्वरचा घाट त्याने चढलेला असतो, पसरणीचा चढलेला असतो. चढाची वळणे संपत नाहीत तेव्हा मांड्यांत काय होते हे त्याला वर्णन करून सांगावे लागत नाही. तुलना येथेच थांबविणे इष्ट. वारीत कोणी जिंकत नाही, आणि प्रायोजकाच्या गाड्या पुढे चालत नाहीत.

बार्थचे वाचन आणि त्याची मर्यादा

सायकल शर्यतीचे गंभीर वाचन करणारा सर्वांत ख्यातनाम समीक्षक म्हणजे रोलाँ बार्थ. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथात टूर द फ्रान्सकडे महाकाव्य म्हणून पाहणारा त्याचा निबंध आहे. १९५५ ची, म्हणजे लुईसाँ बोबेने लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकलेली शर्यत त्याच्यासमोर होती. नायकांची नावे, त्या नावांची लाडकी रूपे, त्यांना चिकटलेली विशेषणे, पर्वतांना आलेले व्यक्तित्व यांचे विश्लेषण त्याने त्यात केले आहे. मों व्हाँतू हा उघडा, तापलेला डोंगर त्याला बळी मागणाऱ्या दुष्ट दैवतासारखा वाटतो. त्याच वर्षी त्या चढावर जाँ मालेजाक हा सायकलस्वार शुद्ध हरपून कोसळला होता, आणि पुढे १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्पसन त्याच डोंगरावर मरण पावला, हे लक्षात घेता बार्थची प्रतिमा अतिशयोक्त म्हणता येत नाही.

या निबंधाचे मोल वादातीत आहे. खेळामागील आर्थिक हितसंबंध आणि खेळाने उभे केलेले आदर्शाचे चित्र एकमेकांत कसे मिसळतात हे त्याने नेमके दाखविले. तरीही सायकल चालविणाऱ्या रसिकाने तो वाचला तर त्याला एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. बार्थचे महाकाव्य नायकांचे आहे. सहकाऱ्यासाठी केलेल्या त्यागाची चर्चा तो करतो, नाही असे नाही. त्या त्यागातून निर्माण होणारा नैतिक पेचही तो मांडतो. परंतु त्याग हा त्याच्या लेखी स्वभावाचा, गुणाचा प्रश्न आहे. तो मनात घडतो. त्याग का करावा लागतो, त्याचे शारीरिक आणि भौतिक कारण काय, हे त्याच्या वाचनात येत नाही. कारण वृत्तपत्रातून शर्यत वाचणाऱ्याला वारा लागत नाही.

आडोसा

आषाढ-श्रावणात सांगलीहून आष्ट्याच्या दिशेने सायकल चालविणाऱ्याला पश्चिमेचा वारा समोरून भेटतो. सपाट रस्ता चढासारखा वाटू लागतो. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी येतो आणि आपली शक्ती एकाएकी वाढल्याचा गोड भ्रम होतो. हा अनुभव या खेळाचे व्याकरण आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या स्वाराचे बहुतांश श्रम हवा बाजूला सारण्यातच खर्च होतात. त्याच्या मागच्या चाकाला लागून जाणाऱ्याचे मात्र सुमारे चतुर्थांश ते एकतृतीयांश श्रम वाचतात. जथ्याच्या पोटात शिरल्यास याहूनही अधिक.

याला मराठीत स्वतंत्र संज्ञा नाही असे म्हटले जाते, ते खरे नाही. 'आडोसा' हा शब्द आहे. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे सायकल लावून, पाय फारसे न मारता कारखान्यापर्यंत जाणारी मुले या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या आहेत. प्रकार धोक्याचा आहे, त्याचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. पण आडोशाचे तत्त्व त्यांना कोणत्याही प्रशिक्षकाने शिकविलेले नसते.

हे तत्त्व एकदा अंगवळणी पडले की शर्यतीचे चित्र बदलते. पुढे असणारा सर्वांत बलवान असतो ही सामान्य प्रेक्षकाची समजूत येथे खोटी ठरते. अनेकदा पुढे असणारा दुसऱ्यासाठी वारा झेलत असतो. ज्याला जिंकायचे आहे तो चार-पाच जणांच्या मागे, शक्य तितका निष्क्रिय राहून, शेवटच्या अर्ध्या तासासाठी स्वतःला जपत असतो. आघाडीवर असणे म्हणजे खर्च होणे. शंभर किलोमीटरपर्यंत पहिल्या स्थानावर दिसणारा माणूस निकालपत्रकात शंभरावा असू शकतो, आणि तरी त्याने आपले काम चोख केलेले असते. टिम क्राबे या डच लेखकाच्या 'द रायडर' या १९७८ च्या कादंबरीत एका हौशी शर्यतीचे निवेदन किलोमीटरच्या क्रमाने येते. कोण वारा झेलत आहे आणि कोण चुकवत आहे याचा हिशेब निवेदक सतत मांडत राहतो. बार्थच्या निबंधात नसलेली गोष्ट या कादंबरीत आहे. लेखक स्वतः शर्यतीत उतरणारा होता, एवढेच त्याचे कारण.

सवंगडी आणि सालगडी

दुसऱ्यासाठी वारा झेलणाऱ्या स्वाराला फ्रेंचमध्ये 'दोमेस्तीक' म्हणतात. शब्दाचा अर्थ घरगडी. या संज्ञेचा उगम अपमानात आहे. टूर द फ्रान्सचा संस्थापक आंरी देग्रांज याने १९०३ साली 'लोतो' या आपल्या वृत्तपत्राचा खप वाढविण्यासाठी ही शर्यत सुरू केली. शर्यत एकाकी माणसाची असावी, कोणी कोणास मदत करू नये, हा त्याचा आग्रह होता. १९११ मध्ये मॉरिस ब्रोको या स्वाराने स्वतः जिंकण्याची आशा मावळल्यावर फ्रान्स्वा फाबेरला साहाय्य केले, तेव्हा देग्रांजने त्याला घरगडी म्हणून हिणविले. हा आग्रह कोणत्या थराला जात असे याचे उदाहरण १९१३ मधील आहे. युजेन ख्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोगणती पायी उतरला, एका गावातील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः तो चिमटा जोडला. आणि भाता एका मुलाने हलविला म्हणून त्याला दंड झाला. ओतशाळांच्या शेजारी राहणाऱ्या कुपवाडच्या रसिकाला या कथेतील दंडाचा राग येतो, पण त्याहून अधिक त्या जोडकामाचे कौतुक वाटते.

मराठीतील 'गडी' हा शब्द या संदर्भात विलक्षण उपयोगी आहे. शेतावर वर्षाच्या कराराने राबणारा तो सालगडी. खेळात सोबत असणारा तो सवंगडी. कबड्डीत गडी असतात, आणि क्रिकेटच्या वृत्तांतातही फलंदाज बाद झाला की 'गडी बाद' असे छापले जाते. चाकरी आणि सोबत हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात. फ्रेंच संज्ञेत केवळ चाकरी आहे; इंग्रजीतील 'टीममेट'मध्ये केवळ सोबत. शर्यतीतील वास्तव मात्र दुहेरी आहे आणि मराठी शब्द त्याला पुरा पडतो. व्यावसायिक सायकलस्वाराचा करार अनेकदा एक-दोन वर्षांचा असतो आणि १ ऑगस्टपासून संघबदलांची अधिकृत घोषणा करता येते. पाडव्याला सालगडी ठरविण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटू नये. त्याच वेळी विजेत्याने आपली बक्षिसाची रक्कम संघातील सहकाऱ्यांत वाटून टाकावी, असा या खेळातील जुना संकेत आहे. हा संकेत मालक-चाकराच्या नात्याचा नाही.

दोन उदाहरणे या दुहेरीपणाची कल्पना देतात. १९३४ साली रने व्हिएत्तो हा वीस वर्षांचा तरुण पर्वतांत सर्वांवर मात करीत होता. त्याच्या राष्ट्रीय संघाचा प्रमुख आंतोनँ मॅन्य याचे चाक मोडले. व्हिएत्तोने आपले चाक काढून दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत तो रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. त्या वेळचे त्याचे रडवेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅन्य अडचणीत आला तेव्हा व्हिएत्तो चढ उलटा मागे गेला आणि त्याने आपली सायकल दिली. शर्यत मॅन्यने जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला. या कथेत त्यागाची भव्यता आहे, त्यामुळे ती लगेच लोकप्रिय झाली आणि बार्थच्या चौकटीतही सहज बसते.

दुसरी कथा कमी भव्य आणि म्हणून अधिक बोलकी आहे. १९५२ मध्ये फाउस्तो कोप्पीचा सहकारी आन्द्रेआ कारेआ हा जथ्यातून निसटलेल्या एका गटावर नजर ठेवण्यासाठी त्याच्याबरोबर पुढे गेला. तेच त्याचे नेमून दिलेले काम होते. तो गट लोझानला बऱ्याच आघाडीने पोचला आणि एकूण वेळेच्या हिशेबात कारेआ अनपेक्षितपणे पहिला ठरला. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेला हा माणूस पिवळा अंगरखा चढविताना रडू लागला. आपण नायकाचा अपराध केला असे त्याला वाटत होते. कोप्पी पोचल्यावर त्याने त्याच्याकडे क्षमा मागितली. पुढच्याच दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पीने तो अंगरखा स्वतःकडे घेतला आणि जगाच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित झाले. या प्रसंगात त्याग नाही, कारण कारेआने काही सोडले नाही. आपल्या वाट्याला आलेला मान आपला नाही, ही समजूत त्याच्या रक्तात कशी भिनली होती, ते येथे दिसते. सालगड्याच्या घरी चुकून मालकाचा फेटा आला तर काय होईल, याची कल्पना ज्याला करता येते त्याला कारेआचे अश्रू कळतात. महाकाव्याच्या चौकटीत ते हास्यकारक वाटतात.

रसिकाच्या दृष्टीतील दोष

सायकल चालविणाऱ्या रसिकाला गडी दिसतो, हे येथपर्यंतचे प्रतिपादन आहे. तथापि त्या दृष्टीतही एक दोष आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेदनेची त्याला गोडी लागलेली असते. आपण रविवारी सकाळी दोन तास सोसलेल्या श्रमाच्या मापाने तो तीन आठवडे चाललेल्या श्रमाकडे पाहतो आणि दोन्हींना एकच उदात्त नाव देतो. १९२४ साली आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मॉरिस व्हिल यांनी शर्यत मध्येच सोडली. सकाळच्या थंडीत घातलेला जादा अंगरखा वाटेत टाकून द्यायचा नाही, असल्या नियमांचा जाच हे निमित्त होते. पत्रकार अल्बेर लोंद्र याने त्यांची भेट घेऊन जे लिहिले त्यातून सायकलस्वारांना 'रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी' ही ओळख कायमची चिकटली. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म आणि अनेक प्रकारच्या गोळ्या त्यांनी पिशवीतून काढून त्याला दाखविल्या होत्या. पेलिसिएचे म्हणणे कामगाराचे म्हणणे होते. प्रेक्षकांनी मात्र 'कैदी' या शब्दातही रोमांच शोधला.

कुपवाडच्या रस्त्यावरील दोन सायकलस्वारांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या सायकलीला उदात्त म्हणण्याची कोणास इच्छा होत नाही. त्यालाही वारा समोरून लागतो, उड्डाणपुलाचा चढ त्यालाही चढावा लागतो, आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर तो परतत असतो. लाखभर रुपयांच्या सायकलवरून त्याला ओलांडून जाणारा रसिक घरी येऊन कारेआच्या कथेने गहिवरतो, यात विसंगती आहे. तिच्यावर उपाय सुचविणे हे समीक्षेचे काम नव्हे. पण गड्याविषयीची आस्था पडद्यापुरती राहिली तर ती आस्था नसून अभिरुचीचा एक अलंकार ठरते, हे नोंदविले पाहिजे. महाविद्यालयांच्या आवारातील सायकल-स्टँड दुचाकींनी व्यापले गेले त्या काळातच सायकलीचे हौशी संघ वाढले, हा योगायोगही विचार करण्याजोगा आहे.

साक्षीदार

या रसिकतेची खरी कसोटी २०१२ साली लागली. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने लान्स आर्मस्ट्राँगविरुद्धचा अहवाल प्रसिद्ध केला आणि १९९९ ते २००५ या काळातील त्याची सातही विजेतेपदे रद्द झाली. कर्करोगातून उठून जग जिंकणाऱ्या माणसाची ही कथा भारतातही घरोघरी पोचली होती. शालेय भाषणांत आणि प्रेरणादायी पुस्तकांत तिला स्थान मिळाले होते. महाकाव्य म्हणून शर्यत वाचणाऱ्यासमोर नायक कोसळल्यावर दोनच मार्ग उरतात : नायक बदलणे किंवा काव्यच टाकून देणे. पुष्कळांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि त्यांना दोष देता येत नाही.

परंतु त्या अहवालाची एक बाजू नायककेंद्री चर्चेत मागे पडली. आर्मस्ट्राँगविरुद्ध सव्वीस जणांनी साक्ष दिली. त्यांत अकरा जण त्याचे पूर्वीचे संघसहकारी होते. जॉर्ज हिंकापी हा त्यांपैकी एक. आर्मस्ट्राँगच्या सातही विजयांत तो त्याच्या पुढे वारा झेलत होता. ज्यांनी त्याला आडोसा दिला त्यांच्यापाशीच त्याचे सत्य होते, आणि ते बोलले तेव्हा नायकत्व टिकले नाही. या साक्षींना निखळ सद्गुणाचे रूप देणे चुकीचे होईल. बोलणारे स्वतःही उत्तेजके घेत होते, अनेकजण वर्षानुवर्षे गप्प होते, आणि सहकार्याच्या बदल्यात काहींची शिक्षा कमी झाली. तरीही एवढे निश्चित आहे की गड्याच्या मुखातून शर्यतीचा इतिहास लिहिला गेला असा हा मोठा प्रसंग आहे. ब्रोकोला हिणविले गेले त्यानंतर एका शतकाने तो घडला.

म्हणून ज्याची नजर आधीपासून गड्यावर होती त्या रसिकाचे प्रेम या आघाताने संपले नाही. ते शंकित मात्र झाले. आज एखादा स्वार चढावर अकस्मात वेग वाढवितो तेव्हा त्याच्या आनंदाला संशयाची किनार असते. हा संशय प्रेमाचा शत्रू आहे असे समजण्याचे कारण नाही. कुस्तीच्या फडातही जाणकार प्रेक्षक कुस्ती 'नुरा' आहे की खरी हे ओळखण्याचा प्रयत्न करीत असतो आणि तरी पुढच्या जत्रेला येतो.

घाटाचा राजा आणि बाकीचे

आता मराठी वृत्तांकनाकडे वळता येईल. मुंबई–पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्राची जुनी आणि प्रतिष्ठेची शर्यत आहे. सांगली–कोल्हापूरकडच्या सायकलपटूंनी तीत नाव मिळविलेले आहे. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतच्या बोरघाटात जो अग्रेसर राहील त्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो, आणि वृत्तपत्रांतील मथळ्यांत विजेत्याखालोखाल हे नाव येते. किताब सुंदर आहे. टूर द फ्रान्समध्ये घाटवीराचे स्वतंत्र पारितोषिक १९३३ पासून आहे आणि लाल ठिपक्यांचा अंगरखा १९७५ पासून. मराठी नाव त्यापुढे उणे वाटत नाही.

अडचण वेगळी आहे. घाटात वेग कमी होतो, त्यामुळे हवेचा विरोध घटतो आणि गुरुत्वाकर्षणाचा भार वाढतो. आडोशाची किंमत जेथे सर्वांत कमी असते ती ही जागा. म्हणून तेथे माणूस एकटा पडतो आणि एकट्याचे बळ उघडे दिसते. साहजिकच वृत्तांत घाटाचा होतो. मुंबईपासून पनवेलमार्गे खोपोलीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर कोणी कोणाचा वारा झेलला, कोणी कोणाला जथ्याच्या पुढच्या भागात आणून सोडले, घाटाच्या पायथ्याशी राजा ताजातवाना का पोचला, यांतले काहीही बातमीत येत नाही. नाव, वेळ आणि बक्षिसाची रक्कम यांवर बातमी संपते. जी शर्यत प्रत्यक्षात संघभावनेवर आणि युतीवर चालते ती वाचकाला एकट्याच्या पराक्रमाची वाटते. देग्रांजचा १९०३ चा आग्रह फ्रान्समध्ये मागे पडला, मराठी क्रीडापानावर तो नकळत टिकून आहे.

दूरचित्रवाणीने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. २०१७ पासून टूर द फ्रान्सचे सर्व टप्पे आरंभापासून अखेरपर्यंत दाखविले जाऊ लागले. पहिले तीन तास, ज्यांत 'काहीच घडत नाही' असे म्हटले जाते, तेच गड्यांचे तास असतात. संघाच्या गाडीपाशी मागे जाऊन अंगरख्याच्या आत सात-आठ पाण्याच्या बाटल्या कोंबणे, त्या घेऊन पुन्हा जथ्याला गाठणे, एकेकाला बाटली देणे. कुपवाडच्या रसिकाला हे तास कंटाळवाणे वाटत नाहीत. लगीनघरात पंगतीला वाढणारे हात पाहावेत तसा तो ते पाहतो.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीची बहुटप्पी शर्यत झाली. नमनाची छोटी फेरी आणि चार टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरचा तिचा मार्ग होता. जुलैच्या रात्री पडद्यावर दिसणारी गोष्ट सांगली–साताऱ्याच्या माणसाला एका दिवसात जाऊन-येऊन पाहता येईल इतकी जवळ आली. शर्यतीसाठी झालेले रस्त्यांचे नूतनीकरण, वाहतुकीतील बदल, परदेशी संघांचे आगमन हे सर्व बातमीचे विषय होते आणि ते तसे असणे स्वाभाविक आहे. तेथे कडेला उभ्या राहणाऱ्यालाही जथा काही सेकंदच दिसणार होता. त्या काही सेकंदांत पहिल्या चाकावर कोण होता आणि तो कोणासाठी तेथे होता, हे सांगायला लागणारे शब्द मराठी वार्ताहराजवळ आहेत : आडोसा, जथा, टप्पा, गडी. त्यांतला शेवटचा तर तो क्रिकेटच्या बातमीत रोज वापरतो.